डेमॉन्स्ट्रेटर, अनुक्रमांक नऊ

शिवलीलेचं नाव आजवर छापून आलं होतं ते फक्त लग्नाच्या पत्रिकेत आणि रेशन कार्डावर. गुरुवारी सकाळी ते कारखान्याच्या फळ्यावर लागलं, तेही इंग्रजीत, आणि ज्या बाईचं नाव तिलाच ते सगळ्यांच्या शेवटी कळलं.

साडेसहाची पाळी. हजेरीच्या मशीनवर बोट टेकवून ती आत आली तर फळ्यासमोर बायकांचा घोळका. सुट्ट्यांची यादी लागली असेल असं वाटून ती कडेने निघाली होती. तेवढ्यात लाइनचा सुपरवायझर महांतेश मान उंच करून म्हणाला, "शिवलीलक्का, तुमचंबी नाव हाय की!"

"कशात?"

"डेमॉन्स्ट्रेटर्समधी. नऊ नंबर."

महांतेश अथणीकडचा. मराठी-कानडी दोन्ही त्याच्या तोंडात सारखीच, आणि इंग्रजी वाचायचं काम आलं की त्याला हुरूप यायचा. बोट ठेवत ठेवत त्याने अख्खा कागद वाचून दाखवला. खालील नऊ डेमॉन्स्ट्रेटर्सनी सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या दारात बसून शिस्तभंग केला. प्रत्येकीने पुढच्या मंगळवारी दुपारपर्यंत लेखी खुलासा द्यावा.

"म्हणजे काय हो ते?"

"प्रतिभटने करणारे. मोर्चावाले, आपले."

"मी? मी कुठं मोर्चा काढला?"

"ते मला काय विचारताय? कॅमेऱ्यात बसलेल्या दिसताय म्हणं. घोषणा देताना."

शिवलीलेचं बोलणं एवढं हळू की शेजारच्या बाईलाही "काय म्हणालीस?" असं दोनदा विचारावं लागे. तिच्या घोषणेची बातमी ऐकून घोळक्यात हशा पिकला. तीही हसली असती एखादे वेळी. पण तिला पहिली तारीख आठवली.

सहा वर्षं ती कंत्राटी होती. कारखाना पंपाच्या व्हॉल्व्हचा, आणि तिचं काम तपासणीचं. भिंगाखाली रबराची कडी धरायची, फिरवायची, चीर दिसली तर लाल डब्यात टाकायची. दिवसाला दोन हजार कड्या. केसाएवढी चीरही तिच्या नजरेतून सुटत नसे. यंदा चार बायकांना कायम करायचं ठरलं होतं, त्यात तिचं नाव वर गेलं होतं, आणि पहिल्या तारखेला पत्र निघणार होतं. त्या पत्रासाठीच तिने सोळा सोमवार धरले होते. अकरा झाले होते. आणि फळ्यावरच्या कागदात ज्या सोमवारचा उल्लेख होता, तो नेमका अकरावा.

निपाणीजवळच्या गावात वाढलेली ती. पहाटे अंघोळ, भस्म, हातावर लिंग घेऊन पूजा, त्याआधी पाण्याचा घोटही नाही. हे रोजचं. सोमवार त्याच्या वरचा. आईने लहानपणीच सांगून ठेवलं होतं की व्रत धरलं तर गावभर सांगत सुटायचं नाही. म्हणून कारखान्यात तिने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. दर सोमवारी ती सगळ्यांसारखी कॅन्टीनच्या रांगेत उभी राही, भात-सांबाराचं ताट घेई, मशीनवर कार्ड टेकवी आणि पॅकिंगमधल्या यल्लव्वाच्या शेजारी जाऊन बसे. मग गप्पा मारता मारता ते ताट यल्लव्वाच्या ताटात रिकामं होई.

यल्लव्वा बावन्न वर्षांची, सौंदत्तीकडची, दोघींचं जेवणारी. शिवलीलेला ती तंगी, म्हणजे धाकटी बहीण, म्हणे. पहिल्या सोमवारी तिने विचारलं होतं, "का गं तंगी, पोट बिघडलंय?"

"सोमवारी जेवण जात नाही मला, अक्का."

"न्हाई तर न्हाई. आण इकडं."

पुन्हा तिने कधी विचारलं नाही. तिला काय ते कळलं असावं.

अकराव्या सोमवारी मात्र एका लॉटची फेरतपासणी निघाली आणि शिवलीलेला दहा मिनिटं उशीर झाला. ती रिकामं ताट घेऊन पोचली तेव्हा कॅन्टीनच्या दारात आठ बायका ओळीने बसल्या होत्या, प्रत्येकीसमोर एक ताट पालथं. असेंब्लीतल्या रक्षिताच्या सांबारात अळी निघाली होती. महिन्यातली चौथी. तीनदा तक्रार लिहून दिली, तिन्ही कागद गडप झाले. शेवटी रक्षिता चिडून ताट पालथं घालून बसली आणि बाकीच्या तिच्यामागे बसल्या. शिवलीलेला एवढंच दिसलं की यल्लव्वा आज बाहेर बसली आहे. ती रोजच्यासारखी तिच्या शेजारी टेकली. यल्लव्वाने न बघताच तिच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि आपल्या ताटाशेजारी पालथं ठेवलं. शिवलीलेला उलट बरंच वाटलं. आज ताट रिकामं करायचं नाटक तरी नको. तिने डोळे मिटले आणि अर्धा तास नमः शिवाय म्हणत बसली.

कॅमेऱ्याला आवाज नव्हता. त्यात फक्त तिचे ओठ हलताना दिसले.

*

एचआरची केतकी मॅडम पुण्याची. वय असेल अठ्ठावीस. बंगळूरच्या दुसऱ्या टोकाहून, एचएसआर लेआउटहून, रोज दीड-दोन तास गाडीत बसून पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत यायची आणि आल्या आल्या डोकं धरायची. कारखान्यात मराठी बोलणारं कुणी भेटलं की तिला बरं वाटे.

"या ना ताई, बसा. पाणी?"

"नको मॅडम. ते कागदावर माझं नाव... मी त्यात नव्हते."

"अहो, फुटेजमध्ये दिसताय की तुम्ही. स्लोगन्स देताय चक्क."

"जप करत होते."

"काय?"

"जप." शिवलीलेचा आवाज आणखी खाली गेला. "मला सोमवार आहेत, मॅडम. सोळा. त्या दिवशी मी जेवतच नाही."

तीन महिने पोटात ठेवलेली गोष्ट त्या काचेच्या टेबलावर पडली आणि ती पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. केतकी तर खूशच झाली.

"अय्या, मग प्रॉब्लेमच संपला! हे आधी नाही का सांगायचं? आणि तुम्ही एवढं टेन्शन का घेतलंत? डेमॉन्स्ट्रेटर अगदी सॉफ्ट शब्द आहे हो. प्लांट हेडना ॲजिटेटर टाकायचा होता. ॲजिटेटर म्हणजे भडकवणारा. मी अर्धा तास भांडले, म्हटलं, सर, प्लीज, या फक्त बसल्या होत्या. डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे नुसतं आपलं म्हणणं दाखवून देणारा. एकदम न्यूट्रल."

"पण मी काहीच दाखवून देत नव्हते."

"एक्झॅक्टली! तेच लिहू या."

तिने खटाखट टाइप केलं, कागद काढला आणि स्वतःच मराठीत सांगितला. मी उपवासामुळे जेवले नाही. डेमॉन्स्ट्रेटर्सशी माझा काहीही संबंध नाही. त्यांनी माझ्या हातातून ताट काढून घेतलं आणि मला तिथे बसवून ठेवलं.

"हे शेवटचं कशाला, मॅडम?"

"तुम्हीच म्हणालात ना, यल्लव्वाने ताट घेतलं?"

"घेतलं. पण असं नाही घेतलं."

"मग कसं घेतलं?"

आता हे कसं सांगायचं? धाकट्या बहिणीच्या हातातली पिशवी थोरली घेते तसं घेतलं. ते इंग्रजीत कसं लिहितात, तिला काय माहीत. 

"ताई, ऐका. पहिल्या तारखेला लेटर्स निघतायत. लिस्टमध्ये नाव राहिलं तर तुमचं नाही निघणार. माझ्या हातात नाहीये ते. मंगळवारी लंचपर्यंत सही करून द्या, बस्स."

शिवलीलेने कागदाची घडी घातली आणि ती ब्लाउजमध्ये खोचून बाहेर आली. दिवसभर भिंगाखाली कड्या फिरवताना तो कागद टोचत राहिला. त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्या हातून एक चिरलेली कडी चांगल्यांत गेली, आणि महांतेशने ती दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली.

संध्याकाळी दासरहळ्ळीच्या वठारातल्या, म्हणजे चाळीतल्या, घरी तिने लेकीला कामाला लावलं. ईरा दहावीला, इंग्रजी शाळेत.

"जरा बघ तो शब्द."

ईराने मोबाइलमध्ये बघितलं. "डेमॉन्स्ट्रेटर. मोर्चात किंवा सभेत भाग घेऊन आपला विरोध किंवा पाठिंबा जाहीरपणे दाखवणारी व्यक्ती. मराठीत निदर्शक. दुसरा अर्थ, एखादी वस्तू कशी वापरायची ते करून दाखवणारी व्यक्ती. म्हणजे आई, मॉलमध्ये ती मिक्सरवाली नसते का? ती पण डेमॉन्स्ट्रेटरच."

"मी मिक्सरपण नाही दाखवला."

ईरा हसत सुटली. "प्रोटेस्टर बघू? प्रोटेस्टर म्हणजे विरोध करणारा. तो एकटा घरी बसूनसुद्धा करू शकतो. डेमॉन्स्ट्रेटरला लोकांसमोर जावं लागतं. बातम्यांमध्ये आमच्या टीचर दाखवतात ना, सरकारला आवडलेले असले की डेमॉन्स्ट्रेटर, नाही आवडले की रायटर. रायट म्हणजे दंगल करणारे."

"आणि उपाशी बसलेली बाई? तिला काय म्हणतात?"

"कशासाठी उपाशी, त्यावर आहे."

"देवासाठी."

"मग काहीच नाही म्हणत. ती आपली घरी असते."

शिवलीला तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. एवढी मोठी भाषा, बसल्या जागेवर माणसाची नोकरी खाणारी, आणि तिच्यात चुकून शेजारी बसलेल्या बाईसाठी एक शब्द नसावा? ती चिडली होती आणि कुणावर चिडावं ते तिला कळत नव्हतं. ईरावर चिडली. "करपली बघ तुझ्या बडबडीने," म्हणाली.

*

एचआरच्या खोलीला काचा होत्या आणि महांतेशला कान होते. शुक्रवारी चहाच्या सुट्टीत हात धुवायच्या नळापाशी सगळ्या जणी तिच्याभोवती जमल्या. बोलणं कानडीत, पण सुरुवात रक्षिताने मराठीतच केली, तिला येत असलेल्या तीन शब्दांत.

"अक्का, उपास कसं?"

"कसं म्हणजे?"

"म्हणजे काय काय असतं त्यात?" रक्षिता कानडीवर आली. "तुम्हाला उपास म्हणून सोडतायत ना? मग आम्ही पण सोमवारच धरला होता असं लिहून देतो. आठ जणी. देव काय फक्त तुमचा आहे?"

"तू त्या दिवशी चार वाजता एग पफ खाल्लास," शिवलीला म्हणाली.

"खाल्ला. म्हणजे उपास मोडला. पण दुपारी तर होता!"

सगळ्या हसल्या. एकीने विचारलं, कथेत राजा असतो का राणी? दुसरीने विचारलं, साबुदाणा चालतो का, मॅडमने विचारलं तर सांगता यायला पाहिजे. तिसरी तर पेन घेऊनच आली होती. शिवलीलेच्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा सोमवार दिवसभर कोरडं राहून उभ्याने दोन-दोन हजार कड्या तपासलेल्या, रात्री चुरमा करून त्याचे तीन भाग केलेले, एक देवाला, एक वाटायला, एक आपल्याला. आणि या नळावर उभ्या राहून त्याची पळवाट करतायत. तिला ओरडायचं होतं. तोंडातून आलं ते एवढंच, "देवाच्या नावाने खोटं लिहू नका गं."

"आणि तुम्ही खरं लिहून एकट्या सुटा," रक्षिता म्हणाली. आता ती हसत नव्हती. "सरी, ठीक आहे, अक्का. स्वल्प आमची पण आठवण ठेवा, कायम झाल्यावर."

यल्लव्वा नळाशी उभी राहून तोंड धूत होती.  पदराला हात पुसून निघून गेली.

शनिवारी केतकी मॅडमने शिवलीलेला बोलावलं तेव्हा तिच्या टेबलावर सात चिठ्ठ्या होत्या.

"हे काय चाललंय, ताई? यल्लव्वा सोडून सातच्या सात जणींचा सोमवार? एकीने तर लिहिलंय, संकष्टी होती. सोमवारी संकष्टी नव्हती, मी चेक केलं. मला वेडी समजता का तुम्ही लोक?"

"मी नाही सांगितलं त्यांना, मॅडम."

"प्लांट हेड मला हसले. म्हणाले, तुझे डेमॉन्स्ट्रेटर्स एकदम साध्वी झाले. आणि आता ते विचारतायत, तुमचा तरी खरा कशावरून?"

"माझा खरा आहे."

"मलाही तसंच वाटत होतं." केतकीने स्क्रीन वळवली. "म्हणून मी कॅन्टीनच्या मशीनचा रेकॉर्ड काढला, तुमच्या मदतीसाठी, खरंच. हे बघा. मागचे दहा सोमवार. दहाही सोमवारी तुमचं कार्ड पंच झालंय. दुपारी बारा पस्तीस, बारा सदतीस, बारा छत्तीस. दहा सोमवार तुम्ही जेवलात आणि बरोबर त्याच सोमवारी नाही जेवलात. आता सांगा, याला मी काय म्हणू?"

शिवलीला स्क्रीनकडे बघत राहिली. ओळीने तारखा, ओळीने वेळा. तिने कुणाला कळू नये म्हणून जे जे केलं होतं, ते ते मशीनने नीट लिहून ठेवलं होतं. एक दिवस जरी ती रांगेत उभी राहिली नसती तरी आज तो दिवस तिच्या बाजूने उभा राहिला असता.

"ताट घेत होते. खात नव्हते."

"मग कोण खात होतं?"

 तेवढ्यात दार लोटून यल्लव्वा आत आली. बाहेर काचेपाशी कधीची उभी असावी.

"मी," ती म्हणाली. "मी खाल्लं. धाच्या धा सोमवार. लिवून घ्या."

केतकीने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. तिचा चेहरा खरोखर रडवेला झाला. "अहो, असं नका ना बोलू माझ्यासमोर. दुसऱ्याच्या कार्डावर जेवणं हा वेगळा मिसकंडक्ट आहे. मी हे ऐकलं तर मला दोघींवरही लिहावं लागेल. यल्लव्वा, तुम्ही कायम आहात, कशाला ओढवून घेताय? मी हे ऐकलंच नाही, ओके? ताई, तुमच्याकडे तोच एक कागद आहे. त्यातलं शेवटचं वाक्य असेल तरच प्लांट हेड मानतील. तुम्हाला जबरदस्तीने बसवलं, संपलं. उपवास वगैरे काढून टाकते मी. तसाही त्याचा आता उपयोग नाही."

म्हणजे उपास गेला आणि राहिलं ते फक्त यल्लव्वाने ताट ओढलं, एवढंच.

पाळी सुटल्यावर दोघी बसस्टॉपकडे चालत निघाल्या. वाटेत यल्लव्वा म्हणाली,

"कर की सही."

"अक्का, त्यात तुझं नाव येईल."

"येऊ दे. माझी सहा वरसं ऱ्हायली. मला काय फाशी देतील?" ती थोडी चालली आणि थांबली. "पर एक सांगू का? तू देवाला घेऊन गेलीस तिथं, ते काय मला पटलं न्हाई. अळीचं बोलली असतीस तर मला बरं वाटलं असतं."

"मला कुठं अळी दिसली होती त्या दिवशी?"

"त्या दिवशी न्हाई." यल्लव्वा तिच्याकडे वळली. "तुझी नजर केसाएवढी चीर पकडती. धा सोमवार तू ताट माझ्यात ओतलंस. एकदाबी काय दिसलं न्हाई तुला त्यात?"

शिवलीलेला दिसलं होतं. एकदा, सातव्या सोमवारी. वाटाण्याशेजारी पांढरं, बारीक. तिने ते बोटाने कडेला काढलं होतं आणि बाकीचं ताट यल्लव्वाच्या ताटात ओतलं होतं. बोलायला गेलं असतं तर तू का नाही खात, हा प्रश्न आला असता.

"बस आली," यल्लव्वा म्हणाली आणि चढली. शिवलीलेची तीच बस होती. ती पुढच्या बसने गेली.

*

बाराव्या सोमवारी ती रांगेत उभी राहिलीच नाही. जेवणाच्या सुट्टीत आपल्या भिंगापाशीच बसून राहिली. काय गं, आज खराखुरा उपास का, असं एकीने जाता जाता टोचलं. रात्री चुरमा झाला, तीन भाग झाले. हात जोडून ती देवासमोर बसली आणि मागायचं काय ते तिला सुचेना. बारा आठवडे एकच मागणं तोंडपाठ होतं, मला कायम कर. आज ते म्हणायला गेली की यल्लव्वाचं ताट समोर यायचं. घडी घातलेला कागद देव्हाऱ्याखाली होता. तिने तो उचलला नाही. देवावरही तिला राग आला, मग राग आल्याची भीती वाटली, मग भीती वाटल्याचा राग आला. वाटायचा भाग तिने शेजारच्या घरात दिला आणि आपला भाग कसाबसा खाल्ला.

मंगळवारी पहाटे पूजा झाली. कागद पुन्हा ब्लाउजमध्ये गेला. सोमवारच्या उपासाने पोट खपाटीला गेलेलं, आणि मंगळवारी अकरा वाजताच भूक लागायची हे तिच्या अंगवळणी पडलेलं. बारा पस्तीसला ती कॅन्टीनमध्ये गेली. कढीपत्त्याच्या फोडणीचा वास दारातूनच अंगावर आला. भात, सांबार, कोबीची भाजी. रांगेत पुढे यल्लव्वा होती, मागे रक्षिता. त्या सोमवारनंतर सगळ्या जणी निमूट जेवायला लागल्या होत्या, खुलासा मान्य झाल्याशिवाय पुन्हा काही करायची छाती कुणाची?

शिवलीला वाढणाऱ्याच्या समोर पोचली. त्याने डाव उचलला. तिने मोठ्या भांड्यात वाकून बघितलं, भिंगाखाली बघते तसं, घाई न करता.

"काय बघतेस अम्मा? पुढे सरक."

"थांब." तिने बोट दाखवलं. "ती बघ. आणि ती दुसरी."

"कोथिंबीर आहे ती."

"कोथिंबीर हलत नाही."

तिचा आवाज हळूच होता, पण मागची रांग गप्प झाली होती, त्यामुळे तो ऐकू गेला. रक्षिता पुढे झाली. "एल्ली? कुठं आहे?" वाढणाऱ्याने डाव घाईघाईने भांड्यात फिरवला आणि अळ्या खाली गेल्या.

शिवलीलेने कार्ड टेकवलं नाही. रिकामं ताट घेऊन ती बाहेर आली, कॅन्टीनच्या दारात, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली बसली, आणि ताट आपल्या हाताने पालथं घातलं. पोटात आवाज होत होता.  डोळे तिने मिटले नाहीत, आणि जपही केला नाही. जप इथे आणायचा नाही, हे तिने बसमध्येच ठरवलं होतं.

महांतेश धावत आला. "शिवलीलक्का, काय करताय? एक वाजेपर्यंत कागद द्यायचाय तुम्हाला! उठा, उठा."

"देते. पेन आहे?"

त्याने खिशातलं पेन दिलं. तिने कागद उघडला, पालथ्या ताटावर ठेवला आणि केतकी मॅडमच्या टाइप केलेल्या इंग्रजीवर एक तिरकी रेघ ओढली. खाली मराठीत लिहिलं. तिचं अक्षर शाळेत असल्यापासून चांगलं होतं.

"सोमवारी मी यांच्यात नव्हते. माझं ताट कुणी हिसकावलं नाही. मंगळवारी मी यांच्यात आहे. सांबारात आजही अळ्या आहेत, मी दोन पाहिल्या. सातव्या सोमवारीही पाहिली होती, तेव्हा बोलले नाही. शिवलीला, तपासणी विभाग."

महांतेशने तो वाचला आणि मानेला हात लावला. "अहो, हे मी कसं नेऊ मॅडमकडं? पत्र गेलं तुमचं."

"माहीत आहे."

तो गेला. आतून भांड्यांचे आवाज येत होते, जेवण चालू होतं. बाहेर ती एकटीच होती. रक्षिता दारापर्यंत आली, ताट हातात धरून थांबली, आत बघितलं, बाहेर बघितलं. पुढे झाली नाही, आणि मागेही गेली नाही. दुपारचं ऊन सरकत शिवलीलेच्या पायापर्यंत आलं. पाच मिनिटं गेली असतील. सांबाराचा वास येत होता आणि तो अजूनही चांगलाच लागत होता, याचा तिला वैताग आला.

जिन्यावर टाचांचा आवाज झाला. केतकी मॅडम कागद हातात घेऊन खाली येत होती, पदोपदी अडखळत, अर्धी रागावलेली आणि अर्धी हरलेली.

"ताई, काय हे? मी तुमच्यासाठी सगळं सेट केलं होतं." तिने आवाज खाली आणला, समजूत घालावी तसा. "बरं, ऐका. मी अजून फाइल केलेलं नाहीये. आज काही असेल तर सांगा, अंगारकी, काहीतरी. आज कसला उपवास आहे?"

शिवलीलेने ताट थोडं सरळ केलं.

"आज उपास नाही, मॅडम," ती म्हणाली. "भूक लागलीय."